तीन सामन्यांचा ठराव मागे घ्या: आमच्या गावच्या फुटबॉल क्लबला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारी समिती,
आणि मैदानाच्या बांधावर बसून सामना बघणारे आपण सगळे ग्रामस्थ,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी देवळाच्या सभागृहात बैठक झाली आणि समितीने ठराव घेतला: मिझोरामहून आणलेल्या नव्या स्ट्रायकरने पहिल्या तीन सामन्यांत गोल केला नाही, तर त्याला घरी पाठवायचे. दोन सामने झाले. गोल झालेला नाही. येत्या शनिवारी तिसरा सामना आहे. म्हणजे एकवीस वर्षांच्या एका मुलाचा अख्खा हंगाम तुम्ही नव्वद मिनिटांवर आणून ठेवला आहे, आणि तोही त्याला न सांगता. त्याला हे कळले ते तिंट्यावरच्या, म्हणजे तिठ्यावरच्या, चहाच्या गाड्यापाशी, पोरांच्या हसण्यातून. घरी आल्यावर त्याने मला मोडक्या हिंदीत विचारले, "टीचर, तीन मॅच का मतलब क्या है?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून हे पत्र. बंद पाकिटात घालून ते सचिवांच्या हाती देता आले असते. पण ज्यांच्या ओरडण्यामुळे समितीने हा ठराव घेतला, ते बैठकीला येत नाहीत, बांधावर बसतात. त्यांनीही वाचावे म्हणून उघड लिहिते आहे.

आधी माझा संबंध सांगते. मी या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवले. ठरावाला हात वर करणाऱ्यांतल्या पाच जणांना मी पाढे शिकवले आहेत. फुटबॉल मला बाबांनी दाखवला. बांदोडकर ट्रॉफीचे सामने बघायला ते मला पणजीला घेऊन जात. परत येताना बसमध्ये झोप आली तरी "आज सर्वांत जास्त कोण धावला?" हे सांगितल्याशिवाय झोपू देत नसत. गोल कोणी मारला असे ते कधी विचारत नसत. क्लबची वर्गणी आमच्या घरातून एकही वर्ष चुकलेली नाही.

दुसरा संबंधही लपवत नाही. हा मुलगा आमच्या घरी, न्हाणीघरामागच्या खोलीत राहतो, आणि त्या खोलीचे भाडे क्लब मला देतो. "बाई भाड्यासाठी भांडतात" असे कोणी म्हणायच्या आत लिहून देते: या हंगामाचे भाडे मला नको. आजवर मिळालेले दोन महिन्यांचे पैसे मी खजिनदारांकडे परत जमा करते आहे.

आता मुद्द्यावर येते.

पहिला मुद्दा खुद्द मुदतीचा. स्ट्रायकर चालेल की नाही हा वाद गावाला नवा नाही. आषाढापासून तोच चालू आहे. तो गावात पाऊल ठेवायच्या आधी कोणीतरी मोबाइलवर दोन मिनिटांची क्लिप दाखवली आणि तिंट्यावर दोन तट पडले. एक म्हणतो वेगवान आहे, दुसरा म्हणतो उंची नाही. एक म्हणतो डावा पाय चांगला, दुसरा म्हणतो डावाच पाय आहे, उजवा नाही. असा वाद मला आवडतो. मी स्वतः त्यात दोनदा बोलले आहे. लोक वाद घालतात म्हणजे त्यांचा जीव आहे क्लबवर. पण वाद घालणे वेगळे आणि पहिल्याच सामन्याच्या विसाव्या मिनिटाला "हो चलचो ना" (हा चालणार नाही) म्हणून शिक्का मारणे वेगळे. आणि त्या शिक्क्याचा समितीने ठराव करणे तर फारच वेगळे.

"कोरो आला तेव्हा त्याने वाट बघायला लावली होती का?" असे बैठकीत कोणी विचारल्याचे माझ्या कानावर आले. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते. २०१७ साली इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने स्पेनच्या फेरान कोरोमिनासला, म्हणजे कोरोला, आणले तेव्हा तो ३४ वर्षांचा होता आणि सायप्रसमधल्या एका क्लबमधून येत होता. तुमच्यातल्याच किती जणांनी तेव्हा "म्हातारा आणला" म्हटले होते, ते मला आठवते. त्याने आल्या आल्याच फातोर्ड्यावर बंगळुरूविरुद्ध हॅटट्रिक केली, मग केरळ ब्लास्टर्सविरुद्ध दुसरी. त्या लीगमध्ये तीन हंगामांत ५७ सामने आणि ४८ गोल. इगोर अंगुलो आला तेव्हा तर छत्तीस वर्षांचा होता. त्याने एका हंगामात १४ गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेऊन गेला. म्हणजे येण्याआधी आपण बांधावर बसून केलेली भाकिते दोन्ही वेळा चुकली. एवढे तरी यातून घ्या.

आणि कोरोच्या मागे कोण होते ते आठवा. लान्झारोते होता, एदू बेदिया होता, ब्रँडन होता, डाव्या बाजूने मंदार राव देसाई वर येत होता. कोरो धावायच्या आधी बॉल निघालेला असायचा. त्याहीआधीचे घ्या. गोव्याच्याच डेंपो क्लबच्या रँटी मार्टिन्सने २०११-१२ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, ३२ गोल केले आणि डेंपोने पाचवे राष्ट्रीय विजेतेपद घेतले. रँटीचे नाव घेतले की ज्यांनी त्याला डेंपोत पाहिले ते लगेच त्याला बॉल पुरवणाऱ्या बेटोचे नाव घेतात. एकट्या स्ट्रायकरची गोष्ट गोव्यात कोणी सांगत नाही, कारण तशी गोष्ट घडतच नाही.

यातूनच दुसरा मुद्दा येतो, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. मी गणित शिकवले. मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. दोन्ही सामन्यांना मी वही घेऊन वडाखाली बसले होते आणि त्या मुलाकडे आलेला प्रत्येक बॉल मांडून ठेवला. कोणालाही वही बघायची असेल तर घरी या.

पहिल्या सामन्यात बॉल त्याच्याकडे २१ वेळा आला. त्यातले १४ आपल्या बॅककडून किंवा गोलीकडून उंच मारलेले होते. हा मुलगा साडेपाच फुटांचा, आणि समोरच्या संघाचे दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, सहा फुटी. विंगवरून बॉक्समध्ये चार क्रॉस आले. दोन गोलपोस्टच्या मागे गेले, एक त्यांच्या गोलीने अलगद धरला. एक याच्यापर्यंत पोहोचला, त्याने पुढे झेप घेऊन डोके लावले आणि बॉल बारला लागून बाहेर आला. तो बार सगळ्यांनी बघितला. त्यावर "एवढासुद्धा मारता येत नाही" असे म्हणणारेही मी ऐकले.

दुसऱ्या सामन्यात १८ वेळा. ११ पुन्हा उंच. क्रॉस फक्त दोन. ऑफसाइड पाच वेळा दिला, आणि बांधावरून सर्वांत जास्त हुर्यो त्याचीच झाली. पण त्या पाचांपैकी तीन वेळा तो वेळेवर सुटला होता. आपल्या हाफने, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूने, बॉल पायात धरून ठेवला, वर बघितले, पुन्हा बॉलकडे बघितले, आणि मग पास दिला. तोवर तो स्टॉपरच्या पलीकडे गेलेला. लाइन्समनचे निशाण वर गेले ते हाफच्या उशिरामुळे. आणि त्या सामन्यातला आपला एकुलता गोल ज्या फ्री किकवर झाला, ती फ्री किक कोणाला पाडल्यामुळे मिळाली? बासष्टाव्या मिनिटाला त्यालाच पाडले होते. दक्षिणेकडच्या गोलासमोर जिथे पाणी साचते तिथे, तांबड्या चिखलात, दोघांना चुकवून तो बॉक्सच्या तोंडाशी पोहोचला होता. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतले, ते योग्यच होते. पण उठून चिखल झटकणाऱ्याच्या पाठीवर कोणी थापही मारली नाही.

दोन सामने मिळून ३९ बॉल आणि त्यातले २५ डोक्यावरून. माझे म्हणणे तुम्हाला पटणार नसेल तर जुन्या खेळाडूंना विचारा. मागच्या हंगामापर्यंत आपला स्ट्रायकर सहा फुटी होता. तो गेला, पण त्याच्यासाठी मारलेले बॉल अजून येतच आहेत. नव्या मुलाला बॉल पायात हवा किंवा स्टॉपरच्या मागच्या मोकळ्या जागेत हवा. पाठीवर स्टॉपर घेऊन तो बॉल थांबवतो, छान थांबवतो, पण परत द्यायला तीस पावलांत आपला कोणी नसतो. हे आपल्या कोचना ठाऊक आहे. दोन आठवड्यांत खेळण्याची पद्धत बदलत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. एका स्पर्धेत बघून या मुलाला निवडले होते ते त्यांनीच. मग ठराव करताना त्यांचे मत का विचारले नाही? ते त्या वेळी सभागृहाच्या बाहेर, व्हरांड्यात उभे होते असे मला तिघांनी सांगितले.

तिसरा मुद्दा लिहिताना माझा हात जड होतो.

आमच्या घरात एक स्ट्रायकर होऊन गेला आहे. माझा धाकटा भाऊ. जुन्या लोकांना तो आठवत असेल. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने पेनल्टी बारवरून मारली आणि आपण हरलो. त्या हंगामात त्याने नऊ गोल केले होते. पण त्या संध्याकाळपासून गावाने त्याला 'भायर' हे नाव ठेवले. बॉल भायर गेला, म्हणून हा भायर. दुकानात गेला की भायर. लग्नाच्या पंगतीत भायर. लहान पोरे, ज्यांनी ती पेनल्टी पाहिलीही नव्हती, तीसुद्धा सायकलवरून जाताना हाक मारून पळायची. बाबांनी दोघांना हात जोडून सांगितले होते, मला माहीत आहे. तेविसाव्या वर्षी त्याने बूट माळ्यावर टाकले आणि जहाजावर गेला. आज पन्नाशी ओलांडली तरी सुट्टीवर आला की तो मैदानाकडच्या रस्त्याने चालत नाही, तळ्याकडून वळसा घालून येतो. पण जहाजावरून फोन केला की पहिला प्रश्न अजून तोच असतो: क्लबचे काय झाले?

आता या मुलाला तुम्ही 'भायलो', म्हणजे बाहेरचा, म्हणता. एकाला भायर म्हणून घालवले, दुसऱ्याला भायलो म्हणून घालवताय. आणि भायलो हे त्यातले सभ्य नाव आहे. त्याच्या डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून दुसऱ्या सामन्यात जे ओरडले गेले ते मी इथे लिहिणार नाही. ओरडणाऱ्यांत शाळेचा गणवेश घातलेली मुले होती, आणि त्यांच्या शेजारी त्यांचे वडील बसले होते. त्याला आपली भाषा येत नाही. पण हसणे कोणत्या भाषेतले आहे ते कळायला भाषा यावी लागत नाही. त्याला नाव आहे. या पत्रात मी ते लिहीत नाही, कारण त्याने तशी विनंती केली. आईच्या वाचनात आले तर ती काळजी करेल, म्हणाला. मैदानावर मात्र ते नाव घेऊन हाक मारा. उच्चार जमत नसेल तर माझ्याकडे या, मी शिकवते.

मिझोराम म्हणजे कुठलातरी कोपरा, तिथल्यांना काय फुटबॉल येणार, असेही बोलले गेले. हे अज्ञान आहे आणि ते दूर करणे माझे कामच होते, म्हणून सांगते. २०१४ साली मिझोरामने राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली. जेजे लालपेखलुआ हा मिझोरामचा स्ट्रायकर एक हंगाम डेंपोच्या जर्सीत खेळला आहे. पुढे त्याने देशासाठी २३ गोल केले, आणि आज तो मिझोरामच्या विधानसभेत आमदार आहे. आणखी एक गोष्ट, जी गोव्याच्या माणसाने विसरू नये. २०१६ साली साळगावकर, डेंपो आणि स्पोर्टिंग हे आपले तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मिझोरामचा ऐझॉल एफसी त्याआधीच्या हंगामात खालच्या विभागात घसरला होता. आपल्या क्लबांच्या जागा रिकाम्या झाल्यामुळे त्याला परत घेतले गेले. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल २०१७ रोजी, तो ऐझॉल देशाचा विजेता झाला. या मुलाने तो दिवस लहानपणी पाहिला आहे. त्याच्या गावात रात्रभर ढोल वाजत होते, असे तो सांगतो. ज्या राज्याला आपल्या रिकाम्या खुर्चीवर बसायला मिळाले आणि ज्याने ती खुर्ची जिंकून दाखवली, तिथला मुलगा आहे तो. त्याच्याकडून शिकण्यासारखे काही असेल, एवढे तरी गृहीत धरा.

बाहेरून आलेल्या स्ट्रायकरला गोव्याने कसे जपले आहे, हे माझ्या पिढीला वेगळे सांगायला नको. ५ डिसेंबर २००४. बंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना, डेंपो विरुद्ध मोहन बागान. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर. डेंपोचे दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो मैदानावरच कोसळला, परत उठला नाही. डेंपोच्या जर्सीत त्याला एक पुरा हंगामही मिळाला नव्हता. तरीही डेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. आपल्या गावातल्या वाचनालयासमोर त्या वेळी मेणबत्त्या लावल्या होत्या. लावणाऱ्यांतले दोघे आज समितीवर आहेत. त्या दोघांना मी नावाने ओळखते आणि त्यांच्याकडून मला जास्त अपेक्षा आहे.

चौथा मुद्दा व्यवहाराचा, थोडक्यात लिहिते. त्याच्याशी करार झाला, त्यावर त्याची सही घेतली, पण कराराची प्रत त्याला दिली नाही. पहिल्या महिन्याचे अर्धे पैसे बाकी आहेत. रविवारी सकाळी प्रार्थनेला जाण्यासाठी त्याने एक तास मागितला, तर "शिस्त नाही" असा शेरा त्याच्या नावापुढे पडला. गोव्यात, जिथे कित्येक मैदाने चर्चला लागूनच आहेत, तिथे हे व्हावे याचे मला वाईट वाटले. आणि आता परत पाठवायचे म्हणता, तर एवढा विचार करा की खेळाडूंच्या नोंदणीची मुदत संपली की त्याला या हंगामात दुसरा क्लब घेऊ शकणार नाही. आपल्या ठरावाने त्याचे वर्ष वाया जाईल. एकविसाव्या वर्षी स्ट्रायकरचे एक वर्ष जाणे म्हणजे काय, ते आमच्या घराला विचारा.

क्लबकडे पैसा नाही हे मला माहीत आहे. खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकमालकच दर हंगामाला जर्सी, बूट, बस सगळे बघत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. तेव्हापासून सचिव दारोदार फिरून वर्गणी गोळा करतात. गणपतीत, स्वतःच्या घरची आरती अर्धी सोडून, पावतीपुस्तक घेऊन ते माझ्या दारात आले होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. एवढ्या कष्टाने जमवलेला पैसा फुकट जाईल ही भीती मी समजू शकते. पण पैसा फुकट जाईल तो मुलाला तीन सामन्यांत परत पाठवल्याने. प्रवासखर्च केला, नोंदणी केली, दोन महिने पोसले, आणि त्याला नीट बॉल मिळायच्या आत घालवला, तर त्या पावत्यांचा हिशेब ग्रामस्थांना काय देणार?

राहिला आपल्या गावच्या मुलांचा प्रश्न. बाहेरचा आणला की आपला मुलगा बाकावर बसतो, हे खरे आहे. या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. आपल्याकडे सतरा वर्षांखालच्या संघाला कोच नाही, वर्षातून एक स्पर्धा खेळायला मिळते, आणि मग वरच्या संघात तयार स्ट्रायकर सापडत नाही म्हणून आपण बाहेर शोधतो. हा दोष गेल्या दहा वर्षांचा आहे आणि त्यात आपण सगळे आहोत. पण त्याचा राग या मुलावर काढू नका. ज्या आपल्या मुलाची जागा त्याने घेतली म्हणता, तो सतरा वर्षांचा पोर रोज सराव संपल्यावर त्याच्याबरोबर मागे थांबतो. अंधार पडेपर्यंत दोघे मैदानावर असतात. पाठीवर माणूस असताना बॉल थांबवून वळायचे कसे, ते तो त्याला शिकवतो. शब्द फारसे नाहीत दोघांत. हात धरून खांदा कुठे ठेवायचा ते दाखवतो, बस्स. मी दोनदा टॉर्च घेऊन बोलवायला गेले तेव्हा डोळ्यांनी बघितले आहे.

आणि पहाटेचेही सांगते, कारण "मेहनत करत नाही" हाही एक आरोप आहे. आमच्या घरामागे चिऱ्यांचे कुंपण आहे. साडेपाचला उठून तो त्या चिऱ्यांवर बॉल मारतो, आलेला बॉल एकाच टप्प्यात मारून परत पाठवतो, फक्त उजव्या पायाने. ज्या पायाबद्दल तुम्ही बोलता त्याच पायाने. स्वतःच्या भाषेत मोजतो. आकडे मला कळत नाहीत, पण शंभर झाले की थांबतो हे मी ताल धरून मोजून पाहिले आहे. मग पुन्हा एकपासून. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की बॉल बाजूला ठेवून पाव घ्यायला रस्त्यावर जातो. पहिले पंधरा दिवस आमचे नारळ घातलेले हुमण, म्हणजे माशांचे कालवण, त्याच्या पोटाला झेपत नव्हते. नुसता भात आणि उकडलेली भाजी खाऊन तो सरावाला जात होता. आता हुमण मागून घेतो.

माझ्या मागण्या अशा आहेत:

एक. तीन सामन्यांचा ठराव मागे घ्यावा, आणि तो शनिवारच्या सामन्याआधी मागे घ्यावा. शनिवारी त्याने गोल केला म्हणून ठराव आपोआप बाद झाला, असे मला नको आहे. गोल झाला तरी ठराव चुकीचाच होता.

दोन. लीगचा पहिला टप्पा संपेपर्यंत त्याला खेळू द्यावे. त्यानंतर निर्णय कोचने घ्यावा, कारणे लिहून द्यावी, आणि मुलाला समोर बसवून सांगावे.

तीन. कराराची प्रत आणि बाकीचे पैसे या आठवड्यात त्याच्या हातात द्यावे. रविवारच्या प्रार्थनेची वेळ सोडून सराव ठेवावा.

चार. दर सामन्याला समितीचे दोन सदस्य बांधावर बसावेत. कोणी रंगावरून, चेहऱ्यावरून, गावावरून ओरडले, तर त्याला मैदानाबाहेर काढावे. सामना सुरू व्हायच्या आधी माइकवरून तसे जाहीर करावे. कोणी तयार नसेल तर माइकवर मी बोलेन.

पाच. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन्ही विंगच्या मुलांना फक्त क्रॉसचा सराव द्यावा. हे कोचचे काम आहे, पण त्यासाठी लागणारे दहा बॉल क्लबकडे नाहीत. परत केलेल्या भाड्यातून ते घ्यावेत.

सहा. सतरा वर्षांखालच्या संघासाठी पुढच्या जूनपर्यंत कोच नेमावा. पगाराच्या वर्गणीसाठी घरोघरी फिरायला मी सचिवांबरोबर येईन.

बांधावर बसणाऱ्यांकडे मागणी एकच आहे. वाद घाला, जोरात घाला. चालेल की नाही यावर पैज लावायची तर चहाची लावा. पण सामन्यात बॉल त्याच्याकडे आला की आधी बघा तो कुठून आला, कसा आला, कोणी दिला. तेवढे बघून मग बोला.

शनिवारी साडेतीनला सामना आहे. मी वही घेऊन वडाखाली असेन. समितीने त्याआधी, गुरुवारी किंवा शुक्रवारी, कधीही बोलावले तर येईन. कोचनाही त्या वेळी आत बसवा.

आपली,
तुमच्यातल्या अनेकांची बाई
आणि क्लबची जुनी वर्गणीदार
तालुका डिचोली

ता. क. त्याच्या डाव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आहे. मागच्या सामन्यात तो आतून सुतळी बांधून खेळला. साखळीच्या बाजारातल्या मोच्याने शिवून दिला, पण चिखलात तो टिकणार नाही. सात नंबरचे, चिखलात चालतील असे स्टडचे बूट कोणाच्या घरी पडून असतील, तर शुक्रवारपर्यंत आमच्या घरी आणून द्यावेत. आमच्या माळ्यावर जुने बूट आहेत, पण ते आठ नंबरचे आहेत.